आईची सहल : त्रिरश्मी लेणी ते मुक्तिभूमी

वाचकहो, सहलीला निघालेल्या कोणत्याही कुटुंबाचा जुना फोटो काढून पाहा. वडील मधोमध उभे असतात. मुले नव्या कपड्यांत पुढे ओळीने उभी असतात. आई एका कडेला असते आणि तिच्या खांद्याला पिशवी असते. त्या पिशवीत तीस-चाळीस चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली, लहानग्याचे जादा कपडे आणि सुईदोरा असतो. आमच्याही घरी असा एक फोटो आहे. तो १९८८ सालचा, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याचा. त्या एका फोटोपायी २०२४ च्या ऑक्टोबरात आमची नाशिक-येवल्याची सहल घडली. तिची ही हकीकत.

आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. बिऱ्हाड कल्याणला. हॉटेलात जाऊन जेवण्याची ऐपत नव्हती, पण रेल्वेचा पास मिळत असे. त्या पासावर आम्ही भावंडांनी चैत्यभूमी पाहिली, राणीची बाग पाहिली, कान्हेरी आणि कार्ले पाहिले. सहल ठरली की आठवडाभर आधी आईची शिलाई मशीन रात्री उशिरापर्यंत चाले. एकाच ताग्यातले स्वस्त कापड आणून ती आम्हां दोघा भावांना शर्ट, ताईला फ्रॉक आणि उरल्यासुरल्याची खांद्याची पिशवी शिवत असे. सगळे एका रंगाचे! लोक हसत, बँडवाले आले म्हणत. आई म्हणे, "हसूं दे. गर्दीत पोर हरवलं तर पिशवी दाखवून इचारता येतं, या रंगाचा शर्ट बघितला का म्हणून."

मशीनवरचा संसार

आईचा दिवस पहाटे पाचला नळावर सुरू होई. वडिलांचा डबा, आमच्या शाळा, धुणीभांडी आटोपून दुपारी बाराला ती मशीनवर बसे. उषा कंपनीची पायमशीन, तीही वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून जुनी घेतलेली. चार वाजेपर्यंत ब्लाऊज, परकर, फॉल-पिको. रात्री जेवणे झाली की दिव्याखाली हुक आणि काज. आम्ही बी.कॉम. झालो त्या तिन्ही वर्षांची परीक्षा फी या हुकांतून आणि काजांतून निघाली आहे.

फॅशन आमच्या वस्तीत सिनेमाच्या पोस्टरवरून येत असे आणि आईच्या मशीनवरून घरोघर जात असे. कटोरी ब्लाऊज आला, फुगा बाही आली. १९९४ साली 'हम आपके है कौन' आला आणि गल्लीतल्या मुली माधुरी दीक्षितसारखा उघड्या पाठीचा ब्लाऊज मागू लागल्या. त्यांच्या आया आमच्या आईशी भांडायला आल्या. आईने मुलींनाही नाराज केले नाही आणि आयांनाही. पाठीला दोरी लावून गळा चार बोटे वर घेतला. पुढे पंजाबी ड्रेस आले. पण दर वर्षी मार्च संपत आला की सगळी फॅशन बाजूला राहून पांढऱ्या ब्लाऊजांचा ढीग पडे. चौदा एप्रिलला वस्तीतल्या सगळ्या महिलांना पांढरी साडी आणि तिच्यावर नवा पांढरा ब्लाऊज हवा असे. त्या पंधरवड्यात आमच्या घरात झोपायलासुद्धा जागा नसे.

कोणतेही कापड हातात आले की आई ते आधी उलटे करून बघते. नवीन मुली शिवण शिकायला आल्या की पहिला धडा तोच : "उलटी बाजू बघ. सुलटी सगळ्यांचीच चांगली असती."

आई शिवण का शिकली, हे तिने आम्हांला फार उशिरा सांगितले. तिचे माहेर जुन्नर तालुक्यात. जन्म १९५४ चा. तिच्या आजीच्या काळी मढ्यावरचे कापड आपल्या वाट्याला टाकले जाई. आईच्या लहानपणी तेवढे राहिले नव्हते, पण वाड्यावर राबल्याबद्दल तिथल्या मुलींची उतरलेली पोलकी मिळत. ती घालून शाळेत गेले की वाड्यावरची मुलगी सगळ्यांदेखत सांगे, "हे माझं आहे." आईने चौथीतच ठरवले की माझ्या पोरांच्या अंगावर कोणाचे उतरलेले चढणार नाही. फाटके चालेल, ठिगळाचे चालेल, पण आपले पाहिजे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी महिलांची वेगळी सभा घेतली होती. जातीची खूण सांगणारी लुगडी नेसण्याची पद्धत सोडा, हातापायांतले चांदीचे जड दागिने टाका, कपड्याला ठिगळ असले तरी चालेल पण तो स्वच्छ असू द्या, असा उपदेश त्यांनी केला. महिलांनी तेथेच लुगडी नेसण्याची तऱ्हा बदलली. कपडा ही आपल्याकडे कधीच निव्वळ हौसेची बाब नव्हती. आईने ते भाषण वाचलेले नव्हते. तिचे ठरले होते ते वाड्यावरच्या पोलक्यावरून.

"मी वर गेलेच न्हाई"

२०२४ च्या सप्टेंबरात आमच्या कन्येला शाळेत लेण्यांवर प्रकल्प होता. तिने कार्ल्याचा तो फोटो काढला आणि विचारले, "आजी, चैत्यगृह आतून केवढं आहे गं?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय ठाऊक? मी वर गेलेच न्हाई. तुझा काका मांडीवर झोपला होता. खाली पायरीवर डबे राखत बसले."

आम्ही गप्प झालो. छत्तीस वर्षे आम्ही 'आई-वडिलांबरोबर कार्ले पाहिले' असे सांगत आलो. दर आठ मार्चला वस्तीत महिलांपुढे भाषण करतो. आणि आपल्या आईने कार्ले पाहिलेलेच नाही, हे आम्हांला ठाऊक नव्हते! मग एकेक विचारीत गेलो. कान्हेरीला? धाकट्याला ताप होता, ती खाली झाडाखाली. राणीच्या बागेत? हत्ती पाहिला, बाकी वेळ जेवणाची जागा धरण्यात गेला.

त्याच रात्री ताईला फोन केला. दसरा १२ ऑक्टोबरला शनिवारी येत होता आणि तेरा ऑक्टोबरला रविवार, म्हणजे येवल्याच्या घोषणेचा दिवस. पहिल्या दिवशी नाशिकची त्रिरश्मी लेणी, रात्री मावशीकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी येवला, असा बेत ठरला. ताईने बजावले, "आईला सांग, डबा करायचा नाही." आम्ही सांगितले. आई बरे म्हणाली. आणि निघायच्या दिवशी पहाटे चारला स्टोव्हच्या आवाजाने आम्हांला जाग आली.

त्रिरश्मी डोंगरावर

कल्याणला तपोवन एक्स्प्रेस पकडली. कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला आली तेव्हा पाऊस नुकताच गेलेला, डोंगर हिरवे होते. नाशिकरोडला उतरून रिक्षाने लेण्यांच्या पायथ्याशी गेलो. मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच हा डोंगर आहे. लोक 'पांडवलेणी' म्हणतात, पण पांडवांचा येथे काही संबंध नाही. ही चोवीस बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतल्या शिलालेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी असेच आले आहे. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे आणि शेजारी भव्य बुद्धविहार.

पायऱ्या दिसताच आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या. माझे गुडघे दुखतेत. मी डबे घेऊन बसते हितं."

तेव्हा दाजी पुढे झाले. त्यांनी आईच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, पायरीवर रुमाल पसरला आणि त्यावर बसले. म्हणाले, "आज डबे मी राखतो." आईला काय बोलावे सुचेना. जावयाने डबे राखायचे म्हणजे काय! पण ताईने तिचा हात धरला होता. दहा-दहा पायऱ्यांवर थांबत अर्ध्या तासात आम्ही वर पोहोचलो.

आम्ही जाण्यापूर्वी शिलालेखांची भाषांतरे वाचून वहीत टिपून घेतली होती. क्रमांक तीनचे लेणे एका आईचे आहे. गौतमीपुत्र सातकर्णी हा सातवाहनांचा मोठा राजा. त्याची आई महादेवी गौतमी बलश्री हिने नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या कारकीर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी हे लेणे भिक्खुसंघाला दान दिले. मुलाच्या पराक्रमाचे वर्णन असलेला तो लांबलचक लेख व्हरांड्याच्या भिंतीवर आहे. लेण्याच्या दर्शनी भागात खाली धिप्पाड यक्ष कोरले आहेत आणि सगळा व्हरांडा त्यांनी खांद्यावर घेतला आहे. आई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. "केव्हापास्नं उचलून धरलंय?" तिने विचारले. आम्ही म्हणालो, एकोणीसशे वर्षे झाली असतील. "मग ह्यांचे बी गुडघे दुखत असतील," ती म्हणाली.

चैत्यगृह अठरा क्रमांकाचे. ते पुरे करून देणारी बाई भट्टपालिका. तिने लेखात स्वतःला बापाची मुलगी, नवऱ्याची बायको आणि मुलाची आई म्हणून सांगितले आहे, पण नावही घातले आहे. दशपूरहून आलेल्या एका लेखकाचेही दान या डोंगरावर आहे. त्या काळचा लेखक म्हणजे लिहिण्याचे काम करणारा, आमच्याच जातकुळीचा कारकून. आम्हांला फार बरे वाटले.

पण आमचा खरा जीव अडकला तो दहा क्रमांकाच्या लेण्यात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे कोरवले. त्याची पत्नी दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचाही येथे लेख आहे. उषवदाताने नुसते लेणे देऊन हात झटकले नाहीत. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. गोवर्धन गाव आजही नाशिकजवळ आहे. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीही मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. अशा ठेवीला लेखात 'अक्षयनीवी' म्हटले आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

आम्ही तेथेच वहीवर आकडेमोड केली. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजे दोनशे चाळीस. पैचा फरक नाही! शिवाय हे सगळे नगराच्या सभेत वाचून दाखवून फलकावर नोंदवलेले. आम्ही आईला समजावून सांगितले. विणकरांकडे पैसे ठेवले, त्यांनी त्यावर माग चालवले आणि व्याजातून भन्तेंच्या कपड्याची सोय केली. आईने दोनदा विचारले, "आणि मुद्दल तसंच?" तसेच, आम्ही म्हणालो.

याच लेण्यात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेचा नंतरच्या काळातला लेख आहे. तीही एका मुलाची आई. तिने कुंभार आणि तेली यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले, ते आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. "म्हणजे बायकाबी ठेव ठेवत व्हत्या," आई म्हणाली आणि पदराने तो दगड पुसल्यासारखा केला.

खाली आल्यावर विहारात गेलो. वर्षावास संपायला चार-पाच दिवस होते. आईने एका भन्तेंना वंदन केले आणि चीवराकडे निरखून बघत विचारले, "भन्ते, हे तुकड्या-तुकड्यांचं का?" भन्तेंनी सांगितले की तथागतांनी मगधातली बांध घातलेली चौकोनी शेते पाहिली आणि आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदाने ते बेतून, शिवून दाखवले. तेव्हापासून पाच, सात, नऊ अशा विषम खंडांचे चीवर शिवतात. पूर्वीचे भिक्खू तर टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन त्यांचे चीवर करीत.

आई पुष्कळ वेळ बोलली नाही. दाजींनी राखलेले डबे उघडून जेवायला बसलो तेव्हा म्हणाली, "आमच्या अंगावर चिंधी दुसऱ्यानं घातली. ह्यांनी आपल्या हातानं घेतली. फरक तेवढाच हाय बघ."

येवला

रविवारी सकाळी एस.टी.ने निफाड, विंचूर करीत येवल्याला गेलो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येथील परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. ती जागा म्हणजे मुक्तिभूमी. दर वर्षी या दिवशी दूरदूरहून समाजबांधव येतात. पुस्तकांची दुकाने, निळे झेंडे आणि पांढऱ्या साड्यांची रांग. आई वंदन करून आली आणि सवयीने म्हणाली, "निम्म्या बायांच्या ब्लाऊजला बगलेत झोळ हाय."

येवला हे पैठणीचेही गाव. ताईने आणि आम्ही गुपचूप पंधरा हजार रुपये जमवले होते. आईने जन्मभर वस्तीतल्या बायकांच्या पैठण्यांवर ब्लाऊज शिवले, तिच्या अंगावर मात्र कधी पैठणी आली नाही. एका विणकराच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत साड्या, मागे हातमाग. विणकर रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या हातात घेऊन पदरावरचा मोर एकेक धागा भरत होता. एवढा पदर विणायला किती दिवस, आईने विचारले. तो म्हणाला, "आजी, नक्षी भरगच्च असली तर महिना-दीड महिना."

आईने पदर हातात घेतला आणि उलटा केला. मोर मागूनही तसाच होता. एकही धागा लोंबत नव्हता, गाठ दिसत नव्हती. "हे काम," ती विणकराला म्हणाली. "ह्याला म्हणायचं काम." तिने पदराची घडी घातली आणि साडी परत ठेवली. "मला नको."

ताई चिडली. दुकानातच तिचा आवाज चढला. "प्रत्येक वेळी तूच का गं नको म्हणायचं? आम्ही काय लहान आहोत? तुझं नको-नको ऐकून आम्हांला लाज वाटते." तिच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हांलाही तेच म्हणायचे होते, फक्त धीर नव्हता.

आई शांतपणे म्हणाली, "अगं, मी त्याग करीत न्हाई. पैठणी कपाटात ऱ्हाती. दोन लग्नांत नेसीन. मला दुसरं पाहिजे." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "तू काल ते हिशेब केलास नव्हं, त्या लेण्यातला? तसे हे पंधरा हजार बँकेत ठेव. मुद्दल मोडायचं न्हाई. दर साली व्याज येईल त्यात सगळ्यांनी सहलीला जायचं आणि त्या दिवशी इकत घेऊन खायचं. मी पहाटे चारला उठणार न्हाई. मला बघायचं हाय."

दुकानात कोणी काही बोलले नाही. विणकराने माग थांबवला होता. आम्ही बी.कॉम. झालेले, बावीस वर्षे हिशेब लिहिणारे. आम्ही खिशातून पेन काढले. सात टक्के धरले तर वर्षाला एक हजार पन्नास. उषवदाताचा दर बारा टक्के पडत होता, त्या मानाने आमची बँक कंजूष. पण ठेव ठेवली. पावतीवर नाव आईचे. वहीत आम्ही शीर्षक लिहिले : 'अक्षयनीवी – आईचे पहाटेचे चार'.

पहिले व्याज

२०२५ च्या नोव्हेंबरात, एका रविवारी, पहिल्या व्याजावर आम्ही कार्ल्याला गेलो. पहाटे चारला घरात कोणी उठले नाही. सहाला पत्नीने आईला उठवले आणि चहा दिला. आईला काय करावे कळत नव्हते. ती तयार होऊन तासभर नुसती बसून राहिली. तिच्या अंगावर फिक्या निळ्या रंगाचा नवा ब्लाऊज होता, बोटनेकचा. नातीने मोबाइलवर दाखवलेल्या चित्रावरून तिने तो स्वतःच्या मापाने बेतला होता. स्वतःसाठी नव्या फॅशनचे काही शिवलेले आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

मळवलीला उतरून रिक्षाने पायथ्याशी गेलो. ज्या पायरीवर ती १९८८ साली बसली होती, ती तिने ओळखून दाखवली आणि तेथे न बसता वर चढली. गुडघ्यांसाठी वाटेत सात वेळा थांबलो. चैत्यगृहात शिरल्यावर तिने खांब पाहिले, स्तूपाला वंदन केले आणि मान वर करून छताच्या लाकडी फासळ्या पाहिल्या. त्या मूळच्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांच्या. ती सावकाश सगळीकडून फिरली, खांबांच्या मागच्या अंधाऱ्या बाजूलाही जाऊन आली.

"मागनंबी नीट केलंय," ती म्हणाली.

खाली खानावळीत सात थाळ्यांचे चौदाशे रुपये झाले. व्याज पुरले नाही. साडेतीनशेची तूट दाजींनी भरली. चपाती कडक आहे, असे आई म्हणाली. पण तिने दोन मागून घेतल्या.

वाचक बंधू-भगिनींनो, लेणी पाहायला अवश्य जा. नाशिकची पाहा, कार्ल्याची पाहा, मुलांना शिलालेखांचा अर्थ सांगा. फक्त निघण्यापूर्वी घरात एकदा विचारा, मागच्या वेळी डबे कोण राखत बसले होते. त्यांना या वेळी आधी वर पाठवा.